पिण्यास योग्य, पण कुठवर?

गावातल्या विहिरीचे किंवा नळाचे पाणी बाटलीत भरून जिल्ह्याच्या आरोग्य प्रयोगशाळेकडे जाते आणि काही दिवसांनी ग्रामपंचायतीकडे तपासणीचा कागद येतो. त्यावर आकडे असतात, पण सरपंच, ग्रामसेवक आणि आरोग्य सेवक यांची नजर आधी जाते ती शेऱ्याकडे: ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘पिण्यास अयोग्य’. ‘योग्य’ असेल तर कागद फायलीत जातो आणि गावाला सुटल्यासारखे वाटते. वास्तविक हा शेरा एका बाटलीतल्या पाण्याबद्दल असतो. बाटली भरली त्या दिवशी, त्या नळावर, त्या घटकेला पाणी कसे होते एवढेच तो सांगतो. वाचणारे मात्र तो गावाच्या पाण्याबद्दल, पुढच्या कित्येक महिन्यांसाठी वाचतात. पाण्यातून पसरणाऱ्या साथींच्या मुळाशी बऱ्याचदा हीच गफलत असते, असे माझे म्हणणे आहे. एखादी वस्तू पिवळी असते किंवा जड असते, तसे पाणी एकदाचे ‘पिण्यायोग्य’ होऊन राहत नाही. ते दर दिवशी तसे राखावे लागते, आणि राखणारा माणूस, राखण्याची जागा आणि वेळ ठरलेली नसेल तर या शब्दामागे काही उरत नाही.

खुद्द ‘पाणी’ या शब्दाचा इतिहास पाहिला तर ही गोष्ट भाषेला आपल्याआधी ठाऊक होती असे दिसते. आपण रोज ज्याला ‘पाणी’ म्हणतो तो शब्द संस्कृतातल्या ‘पानीय’ या शब्दातून, प्राकृताच्या वाटेने, मराठीत आला. ‘पा’ म्हणजे पिणे, आणि त्याला लागलेला ‘अनीय’ हा प्रत्यय आपल्याला वाचनीय, प्रेक्षणीय, पूजनीय या शब्दांतून परिचित आहे. वाचनीय म्हणजे वाचावे असे, पूजनीय म्हणजे पूजा करायला हवी असे; तसे पानीय म्हणजे प्यावे असे, प्यायला योग्य असे. अमरकोशात पाण्याच्या नावांची जी रांग आहे तीत जल, सलिल, नीर, तोय यांच्या बरोबरीने पानीय येते, म्हणजे तोवरच या विशेषणाचे सामान्यनाम होऊन गेले होते. मराठीत तर त्याची मूळ अट पूर्ण पुसली गेली. ‘सांडपाणी’ हा शब्द आपण न अडखळता उच्चारतो. त्यात ‘प्यायला योग्य’ हा अर्थ अजून जिवंत असता तर तो शब्द तोंडातून निघाला नसता. अट गळून पडली म्हणून ती पुन्हा वेगळी जोडावी लागली आणि ‘पिण्याचे पाणी’ व ‘वापरायचे पाणी’ अशी घराघरात विभागणी झाली. इंग्रजीत सरकारी भाषेत जो ‘पोटेबल’ हा शब्द चालतो तोही दूरच्या नात्याने याच कुळातला. लॅटिनमधले ‘पोटारे’ म्हणजे पिणे, आणि त्याचे मूळ व आपल्या ‘पा’ धातूचे मूळ एकच आहे. गढूळ पाणी निवळण्यासाठी ज्या निवळीच्या बिया आपल्याकडे माठात घासत त्या झाडाचे शास्त्रीय नाव ‘स्ट्रिकनॉस पोटेटोरम’ असे आहे. त्यातला ‘पोटेटोरम’ म्हणजे पिणाऱ्यांचा. पण या सगळ्या शब्दांत एक उणीव समान आहे. प्यावे असे म्हणजे कोणी प्यावे, आणि ते तसे आहे हे कोणी ठरवायचे, हे कोणताच शब्द सांगत नाही.

महाराष्ट्रात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे फार काळ जातीने दिली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले, तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर जाऊन पाणी प्याले तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले. नंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. १०८ घागरी पाणी उपसून, त्यात शेण, गोमूत्र, दूध आणि दही कालवून, मंत्र म्हणत ते पुन्हा तळ्यात ओतले गेले. तळ्यावरचा हक्क न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडले. पाण्याच्या सुरक्षिततेच्या लेखात हा इतिहास घेण्याचे कारण असे की ‘शुद्ध’ हा शब्द आपल्या भाषेत किती जड ओझे वाहतो ते महाडइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही. माणसाच्या स्पर्शाने पाणी अशुद्ध होते आणि शेण कालवल्याने शुद्ध होते असे मानणाऱ्या समाजात ‘शुद्ध पाणी’ हा शब्दप्रयोग आरोग्याच्या कामाला घेणे धोक्याचे आहे. आजही नळाच्या पाण्याला औषधाचा वास आला की ‘पाणी खराब आले’ अशी तक्रार होते आणि डोंगरातल्या झऱ्याचे नितळ पाणी ‘शुद्ध’ ठरते. या शब्दात वास, रंग, चव, पावित्र्य आणि मनाची समजूत यांची अशी सरमिसळ झाली आहे की जंतूंना त्यात जागाच उरलेली नाही. म्हणून ‘पिण्यास योग्य’ हा कोरडा, कचेरीतला वाटणारा शेरा मला अधिक मोलाचा वाटतो. तो निदान पाण्याचे पावित्र्य बाजूला ठेवून पिणाऱ्याचा विचार करतो.

जुन्या लोकांना पाण्यातला धोका कळत नव्हता असे मात्र नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात द्रवद्रव्यांचा अध्याय पाण्यापासूनच सुरू होतो, आणि गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय तिथे मोजून सांगितले आहेत. त्यांत निवळीचे बी आहे, गोमेद आहे, शेवाळाचे मूळ आहे आणि साधे कापडही आहे. पाणी गाळून प्यावे हा नियम स्मृतींपासून जैन आचारापर्यंत सर्वत्र आहे. त्याची परीक्षा अलीकडे बांगलादेशात झाली. मतलब या भागातल्या ६५ खेड्यांत रिटा कोलवेल, अन्वर हक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना जुन्या साडीच्या किमान चार घड्या घालून पाणी गाळायला शिकवले आणि कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध केले. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात आणि ते प्राणी कापडाच्या विणीत अडकतात, हे त्यामागचे कारण. धुऊन धुऊन जुनी झालेली साडी नव्यापेक्षा चांगली ठरली, कारण तिचे धागे सुटून फुगतात आणि छिद्रे बारीक होतात. हे यश लहान नाही. पण त्याची दुसरी बाजूही त्याच आकड्यात आहे: निम्म्याहून अधिक आजार तसाच राहिला. मोकळे जंतू आणि त्याहून कितीतरी लहान विषाणू साडीतून सहज पार होतात. कापड, निवळी, तुरटी हे सगळे पाणी दिसायला स्वच्छ करतात आणि काही धोका खरोखर कमी करतात, एवढेच त्यांच्याबद्दल प्रामाणिकपणे म्हणता येते.

डोळे आणि जीभ यांचा कौल किती फसवा असतो याचा दाखला लंडनने १८५४ मध्ये दिला. ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाच्या पाण्याची चव आसपास नावाजलेली होती. तिथून उठून हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा बाई ते पाणी मुद्दाम गाडीतून मागवून घेई. कॉलऱ्याच्या साथीत ती दगावली, आणि हॅम्पस्टेडमध्ये साथ नसताना ती का गेली या प्रश्नाने, कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवू पाहणाऱ्या डॉ. जॉन स्नो यांच्या हाती त्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा आला. पुढे १८९२ मध्ये हॅम्बुर्गने याच धड्याची फार मोठी किंमत मोजली. एल्ब नदीचे पाणी न गाळता नळांना सोडणाऱ्या त्या शहरात कॉलऱ्याने ८,६०० च्या वर माणसे गेली. शेजारचे अल्टोना तीच नदी पीत होते, तेही हॅम्बुर्गचे सांडपाणी मिसळल्यानंतरच्या पात्रातून. पण वाळूच्या थरांतून सावकाश गाळून. तिथे साथ पसरली नाही. दोन शहरांच्या सीमेवरचा रस्ता ओलांडला की मृत्यूचे प्रमाण बदलत होते. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी त्यावरून गाळलेल्या पाण्यासाठी दर मिलिलिटरमागे १०० जंतूंची मर्यादा सुचवली. प्यायला योग्य असण्याचा निवाडा जिभेकडून निघून मोजमापाकडे गेला तो इथे.

तरीही हे मोजमाप करून झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न राहिला होता, आणि त्याचे उत्तर अमेरिकेतल्या एका कोर्टात मिळाले. न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीने एका खासगी कंपनीशी पाण्याचा करार केला होता आणि पाणी शुद्ध व आरोग्याला हितकर असले पाहिजे अशी अट त्यात होती. हा शब्दप्रयोग ब्रिटनच्या १८४७ च्या जलकायद्यापासून रूढ होता. शहराने दावा केला की धरणाच्या वरच्या गावांचे सांडपाणी नदीत येते, म्हणजे अट मोडली. कंपनीने त्या गावांत गटारे बांधावीत. कंपनीचे सल्लागार डॉ. जॉन लील यांनी दुसराच मार्ग काढला. २६ सप्टेंबर १९०८ पासून बूंटनच्या जलाशयातून निघणाऱ्या सगळ्या पाण्यात त्यांनी क्लोराइड ऑफ लाइम, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, मोजून मिसळायला सुरुवात केली. दिवसाकाठी कोट्यवधी लिटर पाण्याला, सतत आणि कायमचे असे औषध देण्याचा अमेरिकेतला हा पहिलाच प्रयोग होता, आणि तोही शहराची परवानगी न घेता केलेला. जे पाणी औषध घालून राखावे लागते त्याला शुद्ध म्हणायचे का, यावर तज्ज्ञांच्या साक्षी झडल्या. अखेर निकाल औषधाच्या बाजूने लागला. या खटल्याचे महत्त्व असे की नदी निर्मळ आहे का हा प्रश्न त्याने मागे टाकला आणि पाणी लोकांपर्यंत पोहोचते तेव्हा ते निर्धोक असते का, व तसे ते रोज राहावे याची खात्रीलायक व्यवस्था आहे का, हा प्रश्न पुढे आणला. काही वर्षांत अमेरिकेतल्या शेकडो शहरांनी हीच पद्धत उचलली.

क्लोरीनचा खरा उपयोग समजून घेतल्याशिवाय पुढचा युक्तिवाद कळणार नाही, म्हणून थोडे थांबतो. क्लोरीन जंतू मारतो हे सर्वांना माहीत आहे. पण उकळण्याने किंवा गाळण्याने न होणारी एक गोष्ट तो करतो: पाण्यात मागे उरतो. आधी तो पाण्यातल्या सेंद्रिय घाणीवर खर्च होतो, आणि तरीही शिल्लक राहिला तर तेवढा भाग पाण्यासोबत नळातून पुढे प्रवास करतो व वाटेत नवे जंतू शिरले तर त्यांना गाठतो. भारतीय मानक आय.एस. १०५०० नुसार ग्राहकाच्या नळाशी हा शिल्लक क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा लागतो. आपल्या ग्रामपंचायतींत हे काम ज्याच्याकडे असते त्याला जलसुरक्षक म्हणतात. हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने टी.सी.एल., म्हणजे तीच ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे निवळ द्रावण टाकीत सोडायचे, अर्धा तास थांबायचे, मग पाणी सोडायचे आणि गावातल्या शेवटच्या घराच्या नळाशी ओ.टी. टेस्ट घ्यायची, पाणी पिवळे झाले म्हणजे क्लोरीन तिथवर पोहोचला. या साध्या वाटणाऱ्या क्रमात घसरण्याच्या जागा बऱ्याच आहेत. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, पण पोते उघडे राहिले, दमट खोलीत पडले, की तो उडून जातो आणि मागे चुना उरतो. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर शासनाच्या निकषाने निरुपयोगी. टाकीत किती पाणी आहे याचा अंदाज चुकतो. टेस्ट शेवटच्या घराऐवजी टाकीजवळच्या नळावर उरकली जाते. आणि हे सगळे ज्याच्यावर सोपवले त्याचे मानधन एवढे तुटपुंजे असते की दुसरे पोटापाण्याचे काम केल्याविना त्याला भागत नाही. प्रयोगशाळेच्या कागदावरचा ‘योग्य’ हा शब्द प्रत्यक्षात या माणसाच्या सकाळच्या अर्ध्या तासावर उभा आहे.

पाणी टाकीत योग्य आणि नळात अयोग्य कसे होते, याचे सर्वांत मोठे कारण आपल्या शहरांत कारण म्हणून मोजलेच जात नाही. ते म्हणजे पाणी ठरावीक तासच येणे, किंवा दिवसाआड, चार दिवसाआड, काही गावांत त्याहूनही उशिरा येणे. जलवाहिनी भरलेली आणि दाबाखाली असते तेव्हा फटीतून पाणी बाहेर गळते. वाया जाते, पण आत काही येत नाही. पुरवठा बंद झाला की वाहिनी रिकामी होते, आत पोकळी निर्माण होते, घरांतले पंप ती आणखी ओढतात, आणि शेजारून जाणाऱ्या गटाराचे पाणी त्याच फटींतून आत शिरते. पुन्हा पाणी सोडले की पहिल्या काही मिनिटांत ते थेट घरात येते. हुबळी-धारवाडमध्ये शहराच्या काही भागांना चोवीस तास पाणी मिळू लागले आणि उरलेल्या भागांना जुन्याच पद्धतीने, स्रोत मात्र तेच. एमिली कुम्पेल आणि कारा नेल्सन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अधूनमधून येणाऱ्या पाण्याच्या नळांवर जवळजवळ तीनातल्या एका नमुन्यात ई. कोलाय सापडले; सतत पाणी असलेल्या नळांवर शंभरातल्या एकाहूनही कमी नमुन्यांत. शुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पाण्याला मिळालेला ‘योग्य’ हा शेरा दोन्हीकडे तितकाच खरा होता.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये गिलन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले आणि त्यांची संख्या दोनशेच्या पुढे गेली तेव्हा हा प्रश्न पहिल्या पानावर आला. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातली नांदेड, किरकटवाडी, धायरी ही शहरात नव्याने आलेली गावे त्यात अधिक होती, आणि रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. या भागात विहिरीचे पाणी धरणाच्या पाण्यासारखी पूर्ण शुद्धीकरणाची प्रक्रिया न होता क्लोरीन देऊन पुरवले जात होते. तपासणीत खासगी आर.ओ. केंद्रांचे पाणीही दूषित आढळले आणि पालिकेने अशी अनेक केंद्रे बंद केली. ज्या कुटुंबांनी नळावर विश्वास न ठेवता पैसे मोजून जार घेतला त्यांना वाटत होते की आपण सुरक्षित बाजूला आहोत. आर.ओ. यंत्र क्षार आणि जंतू दोन्ही अडवते हे खरे, पण त्यातून निघालेल्या पाण्यात क्लोरीन शिल्लक राहत नाही. ते धुतलेल्या-न-धुतलेल्या जारमध्ये भरले, टेम्पोतून फिरले, दुकानात दोन दिवस उभे राहिले की त्याचे रक्षण करणारे त्यात काही नसते. खारपाणपट्ट्यात, अकोला-बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यात, जिथे पाण्यात क्षारच भरमसाट आहेत तिथे आर.ओ. ला तोड नाही. पण धरणाचे मऊ पाणी पिणाऱ्या शहरांत घरोघर ते बसवले जाते तेव्हा लोक प्रत्यक्षात शुद्धतेच्या जुन्या कल्पनेला पैसे देत असतात. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या भागांत आर.ओ. वर बंदी आणावी असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटले, ते वाया जाणाऱ्या पाण्याच्या हिशेबाने. आरोग्याच्या हिशेबानेही ते तितकेच खरे आहे.

माझ्या मांडणीवर पहिला गंभीर आक्षेप दिल्लीतून येतो. नोव्हेंबर १९५५ मध्ये यमुनेच्या पुराने पात्राची चाल बदलली आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत मागे आले. अधिकाऱ्यांनी क्लोरीनची मात्रा वाढवली. हगवण-टायफॉइडची मोठी साथ आली नाही, म्हणजे क्लोरीनने आपले काम केले. पण काही आठवड्यांत कावीळ उसळली आणि सुमारे २९,००० लोक आजारी पडले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या १९८० च्या अभ्यासाने त्या साथीतल्या जपून ठेवलेल्या रक्तद्रव्यावरून दाखवले की हा तोवर ओळखला न गेलेला विषाणू होता. त्यालाच पुढे हिपॅटायटिस ई हे नाव मिळाले. तेव्हा क्लोरीन पुरेसा नाही, हा आक्षेप बरोबर आहे. गढूळ पाण्यात विषाणू मातीच्या कणांआड सुटतात, म्हणून आधी गाळणे व निवळणे अनिवार्य आहे, आणि विषाणूंचा धोका असेल तेव्हा शिल्लक क्लोरीन किमान ०.५ मिलिग्रॅम ठेवावा असे आपले मानकच सांगते. पण दिल्लीची घटना माझा मूळ मुद्दा खोडत नाही, उलट तीव्र करते. तेव्हाच्या जिवाणू तपासणीच्या मोजमापाने ते पाणी बऱ्याच अंशी ‘योग्य’ ठरू शकत होते. नदीच्या पाण्यात नाला शिरताना कोणी पाहिला, त्याने ते कोणाला कळवले आणि पुरवठा थांबवण्याचा अधिकार कोणाला होता, हे प्रश्न नमुन्याच्या बाटलीत मावत नाहीत. पाण्याच्या वाटेवर पहिल्या थेंबापासून शेवटच्या नळापर्यंत नजर ठेवावी, हा विचार जागतिक आरोग्य संघटनेने २००४ च्या मार्गदर्शिकेत जलसुरक्षा आराखड्याच्या रूपाने मांडला, तो अशाच अनुभवांच्या ओझ्याखाली.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: क्लोरीन हे रसायन आहे, रोज पोटात का घ्यायचे? यात भीतीचा भाग आहे तसा तथ्याचाही. पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी द्रव्ये तयार होतात हे रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी १९७४ मध्ये दाखवले आणि अशा द्रव्यांची दीर्घकाळची मोठी मात्रा घातक ठरू शकते, म्हणून त्यांना मर्यादा घातल्या गेल्या. नेदरलँड्सने तर पुढे क्लोरीन जवळजवळ सोडून दिला. ॲम्स्टरडॅमच्या नळाला क्लोरीन नसतो आणि तिथले पाणी जगातल्या उत्तम पाण्यांत गणले जाते. मग आपण का नाही? कारण तिथे वाहिन्या दिवसरात्र भरलेल्या असतात, गळती पाच-सहा टक्क्यांच्या आसपास असते, आणि पाण्यातले जंतूंचे खाद्य केंद्रातच इतके कमी केले जाते की वाटेत काही वाढू नये. क्लोरीनचे राखणदारीचे काम तिथे दाब, जोड आणि देखभाल करतात. आपल्या शहरांत तिसरा हिस्सा पाणी गळतीत जाते आणि वाहिनी रोज रिकामी होते. अशा ठिकाणी दूरच्या आणि अल्प धोक्याच्या भीतीने क्लोरीन टाळला तर पुढच्याच पावसाळ्यात गॅस्ट्रो गाठतो, आणि तो लहान मुलांना गाठतो. क्लोरीनपासून सुटका हवी असेल तर मार्ग एकच आहे: आधी चोवीस तास पाणी. कराडजवळच्या मलकापूरसारख्या छोट्या गावाने मीटर बसवून ते करून दाखवले आहे, त्यामुळे ते फक्त श्रीमंत देशांचे काम आहे असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

तिसरा आक्षेप म्हणजे शब्दांवर एवढा खल कशाला. पाइप टाका, टाक्या बांधा, शब्द आपोआप सुधारेल. संयुक्त राष्ट्रांच्या आकड्यांनी याचे उत्तर आधीच दिले आहे. सहस्रक विकास उद्दिष्टांत ‘सुधारित स्रोत’ हा शब्द होता: हातपंप, झाकलेली विहीर, नळ असे काही असले की झाले. त्या मोजणीने २०१२ मध्ये उद्दिष्ट वेळेआधी गाठल्याचे जाहीर झाले आणि २०१५ मध्ये सुधारित स्रोत नसलेले लोक ६६.३ कोटी उरले. मग शब्द बदलला. घराच्या आवारात, गरज असेल तेव्हा, आणि मल व प्राधान्याच्या रसायनांपासून मुक्त असे पाणी, ज्याला आता ‘सुरक्षितपणे व्यवस्थापित’ म्हणतात, त्या नव्या व्याख्येने २०१७ च्या अहवालात वंचितांची संख्या २१० कोटी निघाली. त्याच वर्षाचे तेच जग, तेच हातपंप. एका शब्दाने सुमारे दीडशे कोटी माणसे नजरेआड ठेवली होती, आणि जे नजरेआड असते त्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम नसते. आपल्या मानकातही अशी एक जागा आहे. आय.एस. १०५०० मध्ये बऱ्याच घटकांना दोन मर्यादा दिल्या आहेत, एक स्वीकारार्ह आणि दुसरी, जास्त सैल, ‘दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास’. फ्लोराइडसाठी त्या लिटरमागे १ आणि १.५ मिलिग्रॅम आहेत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत कूपनलिका याच सीमारेषेवर किंवा तिच्यापलीकडे आहेत. दुसरा स्रोत नसणे ही तिथली वस्तुस्थिती आहे, आणि ती वर्षानुवर्षे तशीच राहिली तर सैल मर्यादा हाच नियम होऊन बसतो. दातांवर आणि हाडांवर तो दिसायला लागतो. म्हणून अशा गावाच्या अहवालावर नुसते ‘योग्य’ लिहिणे अपुरे आहे. दुसऱ्या स्रोतासाठी काय चालले आहे आणि केव्हापर्यंत, हेही त्याच कागदावर असले पाहिजे.

महाराष्ट्रात या दिशेने जाणारी एक चांगली पद्धत आधीच आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावातल्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते: विहिरीला कठडा आहे का, जवळ उकिरडा आहे का, वाहिनी गटारातून जाते का, जलसुरक्षक आहे का, पावडर आहे का. त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते आणि सलग पाच वर्षे हिरवे राखून साथ न आलेल्या गावाला चंदेरी. या पद्धतीचे मोल असे की ती बाटलीतल्या पाण्याऐवजी व्यवस्था तपासते. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संच देऊन शिकवले जाते, त्यात जंतूंमुळे काळी पडणारी छोटी बाटलीही असते. ती पद्धत मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत विकसित केली होती. माणसे आहेत, साधने आहेत. उरते ते हे सगळे रोजच्या पाण्याला बांधणे, आणि त्यासाठी ग्रामपंचायतीच्या फलकावर चार गोष्टी रोज खडूने लिहिल्या तरी पुरे: आज पाणी किती वाजता सोडले, शेवटच्या घरी क्लोरीन किती निघाला, पावडरीचे पोते कोणत्या महिन्याचे आहे आणि तपासणाऱ्याचे नाव. वाईट आकडा लिहिला तर लोक घाबरतील असे अधिकारी म्हणतात. ज्या दिवशी शेवटच्या घरी क्लोरीन शून्य निघाला त्या दिवशी लोकांनी पाणी उकळून प्यावे हेच तर हवे आहे, आणि फलकावर शून्य दिसल्याशिवाय ते कोणी करणार नाही. जलसुरक्षकाला पूर्ण दिवसाचा पगार देण्याचा प्रश्नही तेव्हाच ग्रामसभेत निघेल, जेव्हा त्याच्या कामाचा आकडा रोज सर्वांना वाचता येईल.